पनवेल ते श्रीवर्धन, चहाचे थांबे जरा जास्त

आमच्या या सहलीचं मूळ कळंबोलीच्या सर्कलला आहे. रोडपालीला माझ्या मावसबहिणीकडे जेवून आम्ही दोघं मोटरसायकलवरून विचुंब्याला घरी येत होतो. सर्कलच्या ऐन मध्यावर, पुढे ट्रेलर आणि मागे कंटेनर असताना, गाडीने मान टाकली. माझे यजमान, विनायक, किका मारत राहिले. मी साडी सावरत मागून ढकलत राहिले. कंटेनरवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. कशीबशी गाडी कडेला घेतली.

घरी आल्यावर मी पुण्याला लेकीला फोन करून हे सगळं सांगितलं. ऋतुजाने ते फारच मनावर घेतलं.

"बाबा, आता बास. ती गाडी विकून टाका. मी तुम्हाला इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन देते."

"अगं, चांगली गाडी आहे. कचराबिचरा आला असेल," विनायक म्हणाले.

"तिचं वय काय, तुमचं वय काय!"

वयाचा विषय निघाला की हा माणूस पेटतो. "ही गाडी श्रीवर्धनला जाऊन परत येईल. एकदासुद्धा बंद पडणार नाही."

"आणि पडली तर?"

"विकेन."

"ठरलं. आई बरोबर असेल. ती सांगेल ते फायनल."

अशा रीतीने मला कुणी न विचारता मी पंच झाले, आणि जानेवारीतल्या जोडून आलेल्या सुट्टीत आमचं श्रीवर्धन ठरलं.

गाडीची ओळख करून देते. शंभर सीसी, मरून रंग, आमच्या लग्नाच्या आधी घेतलेली. ती माझ्याआधी घरात आली म्हणून मी तिला थोरली जाऊ मानते: पटत नाही, पण मान द्यावा लागतो. विनायक तिच्यावरून तळोज्याला कारखान्यात जात. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. तेव्हापासून सकाळी आठ वाजले की शर्ट घालून खाली जातात, गाडी पुसतात, एक चक्कर मारून येतात आणि मग त्यांचा दिवस सुरू होतो. कळंबोलीला मी मनापासून घाबरले होते, आणि गाडी विकली तर हा माणूस घरात नुसता बसून राहील याचीही मला तेवढीच भीती वाटत होती. त्यामुळे पैज कोणी जिंकावी हे पंचालाच ठाऊक नव्हतं.

निघण्याआधी गाडी अन्वरभाईंना दाखवली. उरण नाक्याजवळ त्यांचं गॅरेज आहे, आणि विनायक आणि ते गेली कित्येक वर्षं एकमेकांशी वाद घालत आले आहेत.

"भाभी, पेट्रोल बदललंय आता," अन्वरभाई मला म्हणाले. कारण साहेबांना सांगून उपयोग नाही हे त्यांना अनुभवाने माहीत. "इथेनॉल मिसळतात त्याच्यात. जुन्या गाडीचं रबर त्याला सोसत नाही. फुगतं, मऊ पडतं. कार्बोरेटरची रबरं बदलून घ्या. आता नवीन टाईपची येतात, इथेनॉल चालणारी. इन्शाल्ला घंट्याभरात करून देतो."

"आत कंपनीचं ओरिजिनल रबर आहे," विनायक म्हणाले. "त्याला हात लावायचा नाही."

इथे आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे टीव्हीचा रिमोट अजून ज्या प्लास्टिकच्या पिशवीत आला त्याच पिशवीत आहे. फ्रिजवरचा 'पाच तारे'वाला स्टिकर काढलेला नाही, कारण तो कंपनीने लावलाय. कंपनीचं म्हणजे देवाघरचं. तेव्हा बाजारातलं कुठलंसं रबर गाडीच्या पोटात जाणं शक्यच नव्हतं.

"बरं, टाकीत जुनं पेट्रोल किती दिवसांचं आहे?" अन्वरभाईंनी विचारलं.

"गणपतीत फुल करून ठेवली होती. आमचे वडील सांगायचे, टाकी रिकामी ठेवली की आतून गंजते. तेव्हापासून मी तिला फार लांब नेलीच नाही, जवळजवळ तेच आहे."

अन्वरभाईंनी कपाळावर हात मारला. "साहेब, तुम्ही रबराचं लोणचं घातलंत."

आम्ही लोणच्यासकट निघालो.

पहिला दिवस. सकाळी सहाला विचुंब्याहून निघून पळस्पे फाट्याला गोवा हायवे धरला. रस्ता कसा आहे ते विचारू नका, मी सांगून तुम्ही निघेपर्यंत तो बदललेला असेल. श्रीवर्धन पनवेलहून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. पेण, वडखळ, कोलाड, माणगाव आणि तिथून उजवीकडे वळून म्हसळा. चारचाकीने चार तास धरा. आमच्या हिशेबाने जायचं तर नाश्ता, जेवण आणि संध्याकाळचा चहा, तिन्ही वाटेत धरा.

कर्नाळ्याची चढण गाडीने झोकात पार केली. विनायकांची पाठ ताठ झाली. खारपाड्याचा पूल ओलांडला आणि मला खालून एक उचकी जाणवली. मग दुसरी. तिसऱ्या उचकीच्या आत विनायकांनी झटकन किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि गाडी डावीकडे घेतली.

"काय झालं?"

"काही नाही. म्हटलं जरा चहा घेऊ."

मी आजूबाजूला पाहिलं. एक बंद शेड, मिठागराचं पाणी आणि विजेचा खांब. "अहो, चहा कुठाय इथे?"

"चहा पुढे घेऊ. आधी पाय मोकळे करू. तो बघ, खंड्या! तारेवर."

तारेवर निळी प्लास्टिकची पिशवी अडकली होती. मी आपली पिशवी निरखत बसले. दहा मिनिटांनी विनायकांनी किक मारली आणि गाडी निमूट चालू झाली. यामागचं शास्त्र मला नंतर कळलं. कार्बोरेटरच्या खाली एक वाटी असते, तिच्यात टाकीतलं पेट्रोल एका सुईवाटे उतरतं. त्या सुईचं रबरी टोक फुगलं की पेट्रोल थेंबाथेंबाने येतं. वाटीतलं संपलं की गाडी उचक्या देते, आणि दहा मिनिटं थांबलं की वाटी पुन्हा भरते. हे विनायकांना खारपाड्यालाच उमगलं होतं. त्यांनी मला मात्र खंड्या दाखवला.

वडखळला खराखुरा चहा मिळाला, मिसळही बरी होती. गाडी उभी केली तशी शेजारच्या बाकावरच्या एका काकांनी नाक वर केलं.

"पेट्रोलचा वास येतोय. गळतंय काय?"

"नाही नाही," विनायक म्हणाले, "ते बाहेरून लागलंय."

"इथेनॉल हाय ते," दुसरा म्हणाला. "उसाचं. माज्या पोराच्या जुन्या गाडीचा पाइप पार चिकट झाला. हात लावला तर बोटाला काला."

"म्हणजे दारूच की," काका म्हणाले. "माणसानं घेतली तर पोलीस तोंडाचा वास घेतात, आनि गाडीला पंपावर रांगेत उभी करून पाजतात. कसला न्याय हाय हा?"

बाकावरचे सगळे हसले. विनायकही हसले, पण जरा वेळाने.

वडखळनंतरचे आमचे थांबे पुढीलप्रमाणे. नागोठण्याच्या पुढे बर्फाच्या कारखान्याबाहेर ("बघ, बर्फ किती मोठा!"). कोलाडजवळ एका एसटी थांब्यावर, जिथे एक बाई आम्हाला विचारत होती की रोह्याची गाडी गेली का. माणगाव सोडल्यावर म्हसळ्याच्या घाटात, जिथे विनायकांनी माझा मैलाच्या दगडासोबत फोटो काढला. या माणसाने उभ्या जन्मात आपणहून माझा फोटो काढलेला नाही. लग्नाच्या अल्बममध्येही ते बाजूला बघतायत. दगडावर 'म्हसळा' लिहिलंय आणि त्याच्या शेजारी मी हेल्मेट घालून संशयी चेहऱ्याने उभी आहे. तो फोटो चांगला आला आहे.

प्रत्येक वेळी तेच. दोन उचक्या, आणि गाडी बंद पडायच्या आत किल्ली फिरवून स्वतःच बंद करायची. पैजेत अट 'बंद पडली तर' अशी होती. बंद 'केली' तर काय, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. मी मनात म्हटलं, या माणसाने कारखान्यात उगाच आयुष्य घालवलं, वकील व्हायला हवं होतं. आणि खरं सांगते, त्यांची ती धडपड बघून मला हसूही येत होतं आणि कीवही.

श्रीवर्धनला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. आम्ही जीवना बंदराच्या बाजूला मंदाताईंच्या घरी उतरलो. मागच्या अंगणात दोन खोल्या, पुढे पोफळी, आणि जेवण घरचं. खोलीचं भाडं शहरातल्या लॉजपेक्षा कमी, आणि सुरमईची थाळी पनवेलच्या हॉटेलात एका तुकड्याला घेतात तेवढ्यात. सुट्टीच्या दिवसांत आधी फोन करून जा. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. लांबच लांब स्वच्छ वाळू, माणसं तुरळक. विनायक पाण्यात पाय बुडवून उभे होते, पण त्यांचं लक्ष गाडीत होतं. मी विचारलं, "काय विचार करताय?" म्हणाले, "सूर्यास्त छान आहे." सूर्य अजून बराच वर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती पेट्रोलच्या वासाने. अंगणात वर्तमानपत्र पसरून, त्यावर कार्बोरेटर उघडून विनायक उकिडवे बसले होते.

"साफसफाई," मी विचारायच्या आतच ते म्हणाले. "गाडी उभी असताना केलेली साफसफाई पैजेत धरत नाहीत."

सुईचं टोक त्यांनी ब्लेडने हलकेच तासून बरं केलं होतं. अडचण वेगळीच झाली होती. खालच्या वाटीच्या कडेला एक खाच असते, तिच्यात काळ्या रबराची बारीक रिंग बसते, म्हणजे पेट्रोल बाहेर झिरपत नाही. वाटी उघडली तशी ती रिंग बाहेर आली आणि आता परत आत जायला तयार नव्हती. पेट्रोल पिऊन पिऊन ती फुगली होती. एका बाजूने दाबून बसवली की दुसऱ्या बाजूने उसळी मारून बाहेर. कंपनीची ओरिजिनल रिंग कंपनीच्या ओरिजिनल खाचेत मावत नव्हती. विनायकांच्या कपाळावर घाम आला होता.

मंदाताई सोडे वाळत घालायला सूप घेऊन बाहेर आल्या. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. त्यांनी थोडा वेळ बघितलं.

"काय झालं, दादा?"

"रबर फुगलंय हो. बसत नाही."

"मग वालत घाला की. फुगलेलं उनात सुकतं. द्या हिकडं." आणि ती रिंग त्यांनी सुपाच्या कडेला, सोड्यांच्या शेजारी ठेवून दिली. दुसरा उपाय विनायकांकडेही नव्हता.

रिंग वाळेपर्यंत काय करायचं म्हणून आम्ही रिक्षा करून हरिहरेश्वरला गेलो. प्रदक्षिणेची वाट ओहोटीला करावी, भरतीला नाही. तिथे जाणाऱ्यांनी वेळ विचारूनच जावं. खडकांवर लाटा फुटत होत्या, आम्ही कठड्याशी बसून उकडलेल्या शेंगा खाल्ल्या. गाडी जवळ नसल्याने विनायकांना काही लपवायचं नव्हतं, आणि त्या दुपारी ते माझ्याशी खूप बोलले. कारखान्यातल्या कँटीनबद्दल, शेवटच्या दिवशी मिळालेल्या घड्याळाबद्दल. म्हणाले, "सकाळी कुठे जायचं तेच नसतं गं. गाडी असली की निदान खाली जायला होतं." मी शेंगा सोलत राहिले.

परत आलो तर सूप रिकामं. सोडेही नाहीत आणि रिंगही नाही.

पुढचा तासभर विनायक अंगणात रांगत होते. पोफळीच्या बुंध्याशी, तुळशीखाली, कोंबड्यांच्या खुराड्यात. मंदाताईंचे मालक म्हणाले, "कावल्यानं नेली असंल. कावला काय बी नेतो." विनायकांनी मान वर करून पोफळीवरच्या कावळ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर त्यांनी माझ्या भावाकडेही कधी टाकलेली नाही.

तेवढ्यात मंदाताई आतून एक पिशवी घेऊन आल्या. "ताई, हे तुमाला न्यायला. आजच सुकलेले सोडे हायत, नाय म्हनू नका."

पिशवीचं तोंड घट्ट बांधलेलं होतं. काळ्या, बारीक रबराने. दोन वेढे घालून.

कुणाला बोल लावणार? आपल्या कुठल्या घरात मोकळं पडलेलं रबर वाया जातं? माझ्या स्वयंपाकघरात दुधाच्या पिशव्यांवरची, भाजीच्या जुड्यांची, मिठाईच्या पुड्यांची रबरं कडीला अडकवलेली आहेत. मंदाताईंनी सूप उचललं, कडेला रबर दिसलं, त्यांनी ते वापरलं. मीसुद्धा तेच केलं असतं. "ह्ये तुमच्या गाडीचं व्हय?" म्हणून त्यांनी तोंडावर पदर धरला. मग आम्ही दोघी पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

विनायक हसले नाहीत. त्यांनी रिंग हळुवार सोडवली, फडक्याने पुसली आणि खाचेत ठेवली. चपखल बसली. उन्हाने आपलं काम केलं होतं. फक्त इंजिन तापलं की कोळंबी परतल्यासारखा वास येत होता.

तिसऱ्या दिवशी परतीला आम्ही दिघीचा रस्ता घेतला. दिवेआगरवरून दिघीला यायचं, तिथून गाडीसकट बोटीने खाडी पार करून आगरदांडा, मग मुरुड, अलिबागमार्गे घर. घाट आणि हायवेचा बराच भाग वाचतो. बोटीच्या वेळा आणि दर तिथे विचारून घ्या, दुचाकीचं तिकीट खिशाला जड नाही. दिघीपर्यंत गाडी एकदाही उचकली नाही. धक्क्यावरची दोन मांजरं मात्र कार्बोरेटरपाशी येऊन बसली आणि हाकलली तरी जाईनात.

बोटीवर सगळ्यांनाच इंजिन बंद ठेवावं लागतं. विनायक कठड्याला टेकून उभे होते, डावीकडे जंजिरा दिसत होता, वारा सुटला होता. तीन दिवसांत पहिल्यांदा मला ते निवांत दिसले.

आगरदांड्याला बोट लागली, पुढची फळी खाली आली. गाड्या सुरू झाल्या. विनायकांनी किक मारली. पुन्हा मारली. आमची गाडी सर्वांत पुढे होती, आणि मागे चार मोटारी, एक टेम्पो आणि झाडून सगळ्या मोटरसायकली.

"ओ काका, चला ना!"

"चोक ओढा, चोक!"

"प्लग काढा, प्लग!"

"सुकट कोणी आणलीय रे? वास बघ!"

वाटीच्या कडेने पेट्रोल टपटप गळत होतं. रिंग तेवढ्यात परत फुगली होती. बघायला खंड्या नव्हता, बर्फ नव्हता, मैलाचा दगड नव्हता. किल्ली चालू होती आणि गाडी बंद होती. विनायकांनी माझ्याकडे पाहिलं.

"बंद पडली गं," ते म्हणाले.

मी उतरले आणि मागून हात लावला. दोन खलाशी मदतीला आले आणि आम्ही गाडी फळीवरून वर ढकलत नेली. मागचे सगळे एकेक करत पुढे निघून गेले. धक्क्यावर सावलीत विनायकांनी रिंग काढली, पुसली, उन्हात धरली आणि परत बसवली. अर्ध्या तासाने गाडी चालू झाली.

तिथून पनवेलपर्यंत तीनदा थांबलो. या तिन्ही वेळा विनायकांनी कुठलंही निमित्त सांगितलं नाही. नुसते गाडी कडेला घेऊन उभे राहायचे. काशिदच्या किनाऱ्यावर नारळपाणी घेतलं, तर ते अर्धंच प्यायले. मला खारपाड्याच्या खंड्याची आठवण आली, आणि तो नव्हता याचं वाईट वाटलं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हेल्मेट काढतोय तोच ऋतुजाचा व्हिडिओ कॉल आला.

"काय मग, पंच? बंद पडली का?"

विनायक सोफ्याच्या कडेला बसले होते. हातात अजून किल्ली. ते काहीतरी बोलणार होते. मी फोन माझ्याकडे वळवून घेतला.

"छे! कुठे? एकदासुद्धा नाही."

"आई, खरं सांग. तुम्हाला घरी यायला इतका वेळ कसा लागला?"

"मीच थांबवत होते त्यांना. पाठ धरते माझी, हल्ली सलग बसवत नाही."

"नक्की?"

"पंचाचा निर्णय आहे. स्कूटरचे पैसे तू तुझ्या घराला ठेव."

फोन ठेवल्यावर मी माझ्या अटी सांगितल्या. उद्या सकाळी आठला अन्वरभाईंकडे जायचं, मी सोबत येणार. आतली सगळी रबरं नवीन टाकायची, इथेनॉलवाली. कंपनीची ओरिजिनल रबरं हवी तर शोकेसमध्ये ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत. टाकी फुल करून गाडी उभी करायची नाही. आणि नवीन रबर पडेपर्यंत कळंबोली सर्कलला या गाडीचं तोंड दिसता कामा नये. विनायकांनी एकेका अटीला मान डोलावली. वाद घातला नाही.

तुम्हीही जुनी गाडी घेऊन कोकणात निघणार असाल तर एवढंच करा, आधी रबरं बदला. बाकी रस्ता, मासे आणि समुद्र आपापलं काम चोख करतात.

मी सोडे डब्यात भरायला स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने विनायक दारात येऊन उभे राहिले.

"पाठ खरंच दुखते का गं?"

"दुखते ना. वर्ष झालं."

"मग वाटेत सांगितलं का नाहीस?"

"सांगायची वेळच आली नाही," मी म्हटलं. "दुखायला लागली की तुम्ही थांबतच होतात."